गिरिभ्रमण : अध्वा की चंक्रमण? (माथेरानच्या वाटांवरील व्यायाममात्रेचा विचार)

मार्गशीर्ष लागला की आमच्या चिकित्सालयात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, थंडी पडली आहे, डोंगरावर जाऊन यावे म्हणतो. जाऊ ना?" विचारणारा बहुधा पंचेचाळिशी ओलांडलेला, बैठ्या कामाचा, पोटाचा घेर वाढलेला असा असतो. रुग्णपत्रिकेवरील शेवटची ओळ लिहिता लिहिता आपण "अवश्य जा" म्हणतो आणि पुढच्या रुग्णास आत बोलावतो. आम्हीही वर्षानुवर्षे हेच केले. औषधाचे नाव सांगून मात्रा, काल व अनुपान न सांगणारा वैद्य जितका दोषी, तितकेच हे उत्तरही सदोष आहे, हे आमच्या ध्यानी फार उशिरा आले. ते कसे आले, हे पुढे सांगूच. आधी ज्या डोंगराच्या निमित्ताने आले, त्याचा थोडा परिचय करून घेऊ.

मुंबई-पुण्याच्या वैद्यबंधूंना माथेरान नवे नाही. ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० साली या डोंगराकडे लक्ष वेधले, आणि पुढे मुंबईच्या गोऱ्या अधिकाऱ्यांचे ते हवा पालटण्याचे ठिकाण झाले. डॉ. जे. वाय. स्मिथ यांनी १८७१ साली येथील माणसे, वनस्पती व प्राणी यांवर पुस्तक लिहिले. म्हणजे या डोंगरावरील पहिल्या अभ्यासकांत एक वैद्यकव्यवसायी होता, ही आपल्याला आनंद वाटावा अशी गोष्ट. १९०७ साली नेरळहून छोटी आगगाडी वर आली. २००३ साली हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला. मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात. २०२२ च्या अखेरीस ई-रिक्षा प्रायोगिक स्वरूपात आल्या, तरी बहुसंख्य पाहुण्यांना पुढे पायी जाणे, घोड्यावर बसणे किंवा छोट्या गाडीची वाट पाहणे एवढेच पर्याय असतात.

सुमारे आठशे मीटर उंचीचा हा माथा दक्षिणोत्तर पसरलेला असून पूर्वेस गार्बटचा व पश्चिमेस हार्ट-पॉर्क्युपाइनचा असे दोन फाटे त्याला फुटले आहेत. वर दाट, सदाहरित वाटावे असे रान. अंजनी, जांभूळ, हिरडा, आंबा यांच्या सावलीतून तांबड्या जांभा मातीच्या वाटा जातात, आणि प्रत्येक वाट कड्याच्या टोकाशी एखाद्या पॉइंटावर संपते. उत्तरेस पॅनोरमा, दक्षिणेस वन ट्री हिल, पश्चिमेस लुईझा व एको, आग्नेयेच्या बाजूस अलेक्झांडर व रामबाग. एको पॉइंटावर हाक मारायची, लुईझावरून प्रबळगडाचा कडा न्याहाळायचा, पॅनोरमावरून उल्हास नदीचे खोरे आणि पेबचा किल्ला पाहायचा. इथे येणारा माणूस मुळात दृश्यासाठी येतो. आपण व्यायाम करीत आहोत, हे त्याच्या गावीही नसते. धोका नेमका इथेच आहे.

आता ती घटना. पंचावन्नच्या घरातील एक गृहस्थ, बँकेतील अधिकारी, काही वर्षे प्रमेहासाठी आमच्याकडे येत होते. एका आधुनिक वैद्यकाच्या तज्ज्ञाने त्यांना सकाळी ग्लायमेपिराइडची गोळी दिलेली होती. आमची औषधे त्या जोडीला चालू होती. रुग्ण स्थूल, कफ-मेदप्रधान. आम्ही त्यांना सुश्रुताचार्यांचा तो प्रसिद्ध उपदेश हसत हसत ऐकवला होता : निर्धन प्रमेही रुग्णाने पादत्राणावाचून, छत्रावाचून, भिक्षान्नावर राहून शंभर योजने चालावे. "तुम्ही शंभर योजने राहू द्या," आम्ही म्हणालो, "पण चाला. घाम फुटेपर्यंत चाला. आणि सकाळचे खाणे हलके ठेवा."

पौषातल्या एका रविवारी ते कार्यालयातील तरुण सहकाऱ्यांबरोबर भिवपुरी रोड स्थानकावर उतरून गार्बटच्या वाटेने माथेरानला निघाले. धरणाच्या काठाने जाऊन, वाड्या ओलांडून ही वाट चढत जाते. पायथ्यापासून माथ्यापर्यंत सातशे मीटरांच्या आसपासचा चढ आणि धिम्या चालीला चार-पाच तासांचे काम. गृहस्थांनी सकाळची गोळी घेतली होती. खाणे मात्र आमच्या आज्ञेप्रमाणे 'हलके', म्हणजे चहा आणि दोन बिस्किटे. शेवटच्या चढाला त्यांना घाम फुटला. सोबतचे म्हणाले, "साहेब, मेद वितळतोय." त्यांनाही ते खरे वाटले, कारण घाम हे यशाचे लक्षण असे त्यांना आम्हीच शिकवले होते. हात थरथरू लागले, डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली; तरी आपल्या हाताखालची मुले पुढे चालली आहेत आणि आपण बसायचे कसे, या संकोचाने ते तोंड मिटून, धाप दाबून चालत राहिले. पठारावर पोचेपर्यंत त्यांचे बोलणे असंबद्ध झाले होते. तिथे लिंबू-पाणी विकणाऱ्या एका ठाकर बाईंनी त्यांचा ओला, थंड हात धरून पाहिला, खाली बसवले आणि दोन पेले साखरपाणी एका पाठोपाठ एक पाजले. पाव तासाने गृहस्थ भानावर आले.

त्या आठवड्यात ते चिकित्सालयात आले ते तक्रार करायला नव्हे, तर आभार मानायला. "तुमच्यामुळे एवढा चढलो," म्हणाले. हकीकत ऐकून आम्हाला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. त्या बाईंनी जे ओळखले, ते ओळखण्याची साधने आम्ही आमच्या रुग्णाला दिलीच नव्हती. उलट एका लक्षणाचा चुकीचा अर्थ त्याच्या मनात पक्का केला होता.

त्यानंतर आम्ही संहिता पुन्हा उघडल्या. विद्यार्थिदशेत पाठ केलेल्या कित्येक गोष्टी डोंगरावरील वाटेच्या संदर्भात वाचताना वेगळ्याच दिसू लागल्या.

सुश्रुत चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात चालण्याचे दोन प्रकार शेजारी शेजारी वर्णिले आहेत. एक अध्वा, म्हणजे लांबचा, शिणवणारा प्रवास. तो कफ व स्थौल्य कमी करतो हे खरे. परंतु वर्ण व सुकुमारताही घालवतो आणि अतिरेक झाल्यास दौर्बल्य आणतो. दुसरे चंक्रमण, म्हणजे देहास फार पीडा होणार नाही असे फिरणे. आयुष्य, बल, मेधा व अग्नी यांना हितकर आणि इंद्रियांना जागे करणारे, असे त्याचे वर्णन आहे. वाट एकच असते. चालणारा कोण, किती, केव्हा आणि कशाच्या बळावर चालतो, यावरून ती अध्वा ठरते किंवा चंक्रमण. उत्तरतंत्रातील शोषप्रकरणात व्यायामशोष आणि अध्वशोष हे दोन स्वतंत्र प्रकार सांगितले आहेत, हेही विसरून चालणार नाही.

अध्वशोषाचा विषय निघाला म्हणून एक विषयांतर. माथेरानच्या वाटांवर अतिव्यायाम कोणाचा होत असे? दृश्य पाहायला आलेल्या पाहुण्याचा नव्हे, तर त्याला हातरिक्षात बसवून तांबड्या चढावर ओढणाऱ्या माणसाचा. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. स्वतःच्या प्रकृतीसाठी डोंगरावर गेलेल्या रुग्णाने दुसऱ्याच्या फुफ्फुसांवर बसून फिरावे, यात कोणते स्वस्थवृत्त होते, हे आम्हाला कधीच उमगले नाही. असो.

आता मुख्य मुद्दा. व्यायाम अर्धशक्तीने करावा, हे आपण सारे जाणतो आणि रुग्णास सांगतोही. अर्ध्या शक्तीचे लक्षण सुश्रुताचार्यांनी असे दिले आहे की, हृदयस्थानी असलेला वायू मुखावाटे येऊ लागला, म्हणजे माणूस तोंडाने श्वास घेऊ लागला, की बलार्ध झाले असे समजावे. काख, कपाळ, नाक आणि हातापायांचे सांधे येथे घाम येणे व तोंडाला कोरड पडणे हीही लक्षणे परंपरेने सांगितली जातात. रुग्णाला समजेल अशा भाषेत आम्ही म्हणतो : शेजाऱ्याशी सलग दोन वाक्ये बोलता येईनाशी झाली की थांबा.

परंतु अर्धशक्तीचा हा नियम आखाड्यासाठी आहे. आखाड्यात जोर-बैठका काढणारा तोंडाने श्वास येताच थांबतो, अंग पुसतो, घरी जातो. कड्याच्या टोकावर उभ्या असलेल्या माणसाला थांबता येते, पण तिथेच राहता येत नाही. जेवढे आला तेवढेच त्याला परत जायचे असते. पॉइंटापर्यंत पोचताना अर्धे बल खर्च झाले, तर परतीत उरलेले अर्धेही संपणार, म्हणजे तो व्यायाम पूर्णशक्तीचा झाला. म्हणून आमचे मत असे झाले आहे की, गिरिभ्रमणात परत फिरण्याची जागा अर्ध्या शक्तीवर नव्हे, तर पाव शक्तीवर ठरवावी. जाण्यात पाव व येण्यात पाव मिळून अर्धशक्ती होते. हा हिशेब संहितेत शब्दशः सापडणार नाही. पण संहितेच्या नियमाचा डोंगरावरील अर्थ याहून वेगळा होऊ शकत नाही, असे आम्हाला वाटते. ज्येष्ठांनी मतभेद असल्यास अवश्य कळवावा.

माथेरानात हा हिशेब आणखी बिघडतो, तो भूमीच्या ठेवणीमुळे. किल्ल्यावर जाताना आधी चढ लागतो आणि परतताना उतार. दमणे लवकर कळते आणि माणूस सावध होतो. बाजारपेठेतून तलावाकडे, पुढे लुईझाकडे किंवा वन ट्री हिलकडे निघाले की सावलीतली वाट हलकेच खाली घेऊन जाते. श्वास शांत, पाय हलके, समोर दरी. अर्धशक्तीचे एकही लक्षण उमटलेले नसते. मग माणूस म्हणतो, आणखी एक पॉइंट करू. चढ परतीच्या वाटेवर वाट पाहत असतो; आणि तेव्हा दुपार झालेली असते, पाणी संपलेले असते, पोट रिकामे असते. त्यात दस्तुरीपासून बाजारापर्यंत सामान घेऊन केलेली चाल तर कोणी हिशेबातच धरत नाही. आमच्या रुग्णांना आता आम्ही आधीच विचारतो, "वर पोचून किती फिरणार ते नंतर सांगा, वर पोचणार कसे ते आधी सांगा."

श्रमश्वासाबद्दल थोडे अधिक लिहावेसे वाटते, कारण आपल्या व्यवसायात त्याची उपेक्षा होते. अधारणीय वेगांची गणना करताना आपण मल, मूत्र, क्षवथू, निद्रा यांविषयी रुग्णास बजावतो. श्रमजन्य श्वासापाशी आलो की "हा क्वचित आढळणारा विषय" म्हणून पुढे जातो. चरकाचार्यांनी मात्र श्रमश्वासाच्या धारणाने गुल्म, हृद्रोग व संमोह होतो असे स्पष्ट सांगितले आहे, आणि उपचार म्हणून विश्रांती व वातहर क्रिया सुचवल्या आहेत. धाप कोण दाबतो? आखाड्यात एकटा असलेला दाबत नाही. समुदायातला दाबतो. मुलांसमोर बाप, हाताखालच्यांसमोर साहेब, नव्या सुनेसमोर सासू, आणि तरुण वैद्यांसमोर आमच्यासारखा प्रौढ वैद्य. आमच्या शाखेच्या सहलीत पॅनोरमाच्या वाटेवर आम्ही स्वतः एका झाडाची साल निरखण्याचे निमित्त करून तीनदा थांबलो होतो! ते झाड साधे जांभळाचे होते. धाप दाबण्यापेक्षा ते निमित्त बरे, एवढे तरी त्यातून घ्यावे.

म्हणूनच डोंगरावरील पॉइंट हे नुसते दृश्य पाहण्याचे ठिकाण न मानता तपासणीचे नाके मानावेत, असे आम्ही रुग्णास सांगतो. प्रत्येक पॉइंटावर कठड्याच्या आत सावलीत दहा मिनिटे बसावे. बसल्यावर पाच मिनिटांत श्वास पूर्ववत झाला पाहिजे. घाम उष्ण होता की थंड? बसल्यावर आटला की वाढला? श्रमाचा घाम उष्ण असतो, विश्रांतीने व वाऱ्याने सुकतो, आणि त्यानंतर अंगात लाघव वाटते. हात थंड, अंग चिकट, छातीत धडधड, हातांना कंप, अचानक आणि अनावर भूक, चिडचिड किंवा बोलण्यात गोंधळ, असा घाम हा मेद वितळल्याचा नव्हे, रक्तातील साखर उतरल्याचा समजावा. छातीवर दडपण, ते हात, जबडा किंवा पाठीकडे जाणे आणि सोबत घाम असेल, तर पॉइंट, छायाचित्रे, पुढचा कार्यक्रम सारे सोडून द्यावे. रुग्णास एक पाऊलही चालू न देता रुग्णवाहिका बोलवावी. माथेरानात तिला प्रवेश आहे.

साखर उतरली असेल आणि रुग्ण शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून त्वरित द्यावी. पंधरा मिनिटांत उतार न पडल्यास पुन्हा द्यावी, नंतर धान्याचा आहार द्यावा. शुद्ध हरपली असल्यास तोंडावाटे काहीही देऊ नये. येथे चिक्कीचा विचार अनेकांच्या मनात येतो, कारण माथेरानात ती पावलोपावली मिळते. परंतु शेंगदाण्याच्या स्नेहामुळे तिच्यातील गुळाचा उपयोग सावकाश होतो. त्या क्षणी साखरपाणीच योग्य, चिक्की नंतर. साखर खिशात ठेवावी, हातातल्या पिशवीत नव्हे. पिशवी माकडे नेतात, आणि ज्याच्या हातून माकडाने ऐन वेळी साखर पळवली त्याला हे हसण्यावारी नेता येणार नाही.

ग्लायमेपिराइडसारख्या औषधांचा परिणाम कित्येक तास टिकतो. एकदा बरे वाटले म्हणून लगेच पुढे चालू लागणे धोक्याचे असते; साखर पुन्हा उतरू शकते. असा रुग्ण त्याच दिवशी वैद्यकीय देखरेखीखाली आला पाहिजे. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांत धडधड व कंप ही लक्षणे झाकली जातात, घाम मात्र येतच राहतो. म्हणून घामाचे स्वरूप ओळखायला शिकवणे या रुग्णांत विशेष महत्त्वाचे. गोळीची मात्रा कमी करावी का, हा निर्णय ज्याने ती दिली त्या तज्ज्ञाचा आहे. आपण रुग्णास डोंगरावर पाठवत असू, तर त्या तज्ज्ञाला दूरध्वनी करणे हे आपले काम. पूर्वी आम्हाला त्यात कमीपणा वाटे. गार्बटच्या प्रसंगानंतर वाटत नाही.

याच संदर्भात 'हलका आहार' या शब्दाचा अर्थ आपण नीट सांगितला पाहिजे. लघु म्हणजे अल्प नव्हे. व्यायाम हा बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्याला विहित आहे, ही अट वाग्भटाचार्यांनी घातली आहे. सहज प्रमेही कृश असतो; त्याला बृंहण हवे, अपतर्पण नव्हे. अपथ्यनिमित्तज स्थूल प्रमेहीसही चढाच्या दिवशी उपाशी पाठवणे हे अपतर्पण नसून साहस आहे. भाकरी, मुगाचे वरण किंवा मऊ भात, वर चमचाभर तूप, आणि जेवल्यावर तासाभराने मंद चाल. इतके साधे आम्ही आता लिहून देतो. संकष्टी, एकादशी, मार्गशीर्षातले गुरुवार आणि सहल एकाच दिवशी येत असतील, तर दोहोंपैकी एक पुढे ढकलण्याची विनंती करतो. सहल पुढे ढकलली जाते, हा अनुभव.

वाटेत काय न्यावे, याचे उत्तर चरकाचार्यांच्या श्रमहर दशेमानीत तयार आहे : द्राक्षा, खर्जूर, प्रियाल, बदर, दाडिम, फल्गू, परूषक, इक्षू, यव व षष्टिक. ही यादी आम्ही विद्यार्थ्यांना नेहमी हळू वाचायला सांगतो. यात एकही तीक्ष्ण, उष्ण द्रव्य नाही. सुंठ नाही, मिरी नाही. सारी द्रव्ये मधुर किंवा मधुराम्ल, आणि सारी खाद्ये. श्रमावर आचार्यांनी औषध दिले नाही, अन्न दिले. मनुका, खजूर, सुके अंजीर, डाळिंबाचे दाणे, चारोळी घातलेला सातूचा लाडू एवढे खिशात असले की पुरे. (प्रमेही रुग्णांनी यांचे प्रमाण विचारून घ्यावे, साखर उतरली नसताना खजुराचा डबा संपवणे हा उपचार नव्हे.) पॉइंटापॉइंटावरील वाफाळता, अति गोड चहा मात्र या यादीत बसवता येत नाही, कितीही मोह झाला तरी.

वैशाखात याच उतारांवर करवंदे पिकतात. करमर्द हे चरकाच्या हृद्य गणातील द्रव्य, वृक्षाम्ल म्हणजे आपले कोकमही त्यातलेच. येथील 'हृद्य' हा शब्द वाचून कोणी करवंदाला हृद्रोगाचे औषध ठरवू नये. तोंडाची गेलेली चव आणणारे, मनाला रुचणारे, इतपत अर्थ डोंगरावर पुरेसा आहे, आणि द्रोणभर करवंदांनी तो पुरेपूर अनुभवास येतो.

हिरड्याची गोष्ट याहून महत्त्वाची. माथेरानच्या रानात हिरडा आहे, हे कळल्यावर आमचे काही आयुर्वेदप्रेमी रुग्ण हरीतकीचे चूर्ण किंवा वडी मुद्दाम बरोबर नेतात आणि चालून दमल्यावर 'शक्तीसाठी' घेतात. भावप्रकाशात हरीतकी कोणी घेऊ नये ते सांगताना पहिलाच मान मार्गश्रमाने अत्यंत थकलेल्यास दिला आहे! त्यापुढे बलहीन, रूक्ष, कृश, लंघनाने क्षीण, पित्ताधिक, गर्भवती आणि रक्तमोक्षण केलेला यांचा उल्लेख येतो. हिरड्याच्या सावलीत बसलेला दमलेला पांथस्थ हाच हिरडा खाण्यास अपात्र. त्याने सावली घ्यावी, फळ नको.

ऋतूविषयी फार विस्तार नको. हेमंत, शिशिर व वसंत हे अर्धशक्ती व्यायामाचे ऋतू. अन्य ऋतूंत त्याहूनही कमी. अडचण अशी की, माथेरानात लोटणारी गर्दी पावसाळ्यातली. धबधबे, धुके, हिरवाई यांचे आकर्षण आम्हालाही आहे. परंतु वर्षा ऋतूत अग्नी मंद, वायू प्रकुपित, आणि आयास वर्ज्य सांगितलेला. त्यात शेवाळलेल्या जांभ्यावरून पाय घसरतो आणि धुक्यात कड्याची कडा दिसत नाही. त्या दिवसांत बाजार ते तलाव इतपत चालून, कोरडे कपडे घालून, गरम जेवण जेवणे हे प्रौढांना पुरेसे. पाण्यात कालवलेला सातूही तेव्हा नको. उदमंथ वर्षा ऋतूत निषिद्ध आहे.

श्वासाच्या रुग्णांना मात्र पावसापेक्षा फाल्गुन-चैत्र वाईट. तमकश्वासाची हेतुमालिका आठवावी : रज, धूम, वात, शीत स्थान, व्यायाम, अध्वा. घोड्यांच्या टापांनी उडणारी तांबडी धूळ, पहाटेचा गार वारा आणि सूर्योदय पाहण्यासाठी पॅनोरमाकडे केलेली घाई, म्हणजे सारे हेतू एका सकाळी एकत्र. अशा रुग्णाने पाऊस सरल्यावर, धूळ बसलेली असताना जावे. नाकातोंडावर ओलसर रुमाल धरावा, घोड्यांचा तांडा पुढे जाऊ द्यावा. आधुनिक वैद्यकाने श्वासमार्गात ओढण्याचे औषध दिले असेल तर ते खिशात असलेच पाहिजे, हॉटेलच्या खोलीत नव्हे.

वाऱ्याच्या बाबतीत आम्ही संहितेशी थोडा वाद घालू इच्छितो. सुश्रुत सूत्रस्थानात पश्चिमेचा वारा रूक्ष, खर, स्नेह व बल हरण करणारा, कफ-मेद शोषणारा म्हटला आहे. एको किंवा लुईझा पॉइंटावर समोरून येणारा वारा पश्चिमेचाच. पण तो अरबी समुद्रावरून, कोकणपट्टी ओलांडून येतो. ज्या भूमीत पश्चिमेकडे कोरडा प्रदेश आहे, तिथला तो वारा नव्हे. दिशेचे गुण हे देशाचे गुण असतात, दिशेचे नव्हेत. आमच्या अनुभवात माथेरानच्या पश्चिम कड्यावर वारा रूक्षतेने नव्हे, तर घामेजलेल्या अंगाला एकदम गारवा देऊन बाधतो. मान आखडणे, पाठीत उसण भरणे, जुना संधिवात जागा होणे ही त्याची फळे. कड्यावर पोचल्याबरोबर सदऱ्याची बटणे सोडून उभे राहण्याची जी सवय आहे, ती मोडावी. आधी घाम टिपावा, पंचा किंवा मफलर गळ्याभोवती घ्यावा, मग कड्याशी जावे.

उरला उतार. दस्तुरीहून नेरळकडे पायी उतरणारे किंवा गार्बटहून भिवपुरीकडे जाणारे पुष्कळ असतात, आणि चढ झाला म्हणजे श्रम संपले असा त्यांचा समज असतो. श्वासाच्या दृष्टीने ते खरे. जानुसंधीच्या दृष्टीने नाही. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच देहाचा भार आवरून धरतात. त्यामुळे गुडघा दुखतो तो चढताना नव्हे, उतरताना, आणि मांड्या आखडतात त्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. संधिगत वाताच्या रुग्णास आम्ही चढण्याची परवानगी देतो, उतरण्याची देत नाही. उतरताना त्याने वाहन पकडावे. इतरांनी काठी घ्यावी, पावले आखूड टाकावीत, गुडघा किंचित वाकलेला ठेवावा, आणि काही झाले तरी धावत उतरू नये.

घरी पोचल्यावर लगेच थंड पाणी पिणे किंवा अंगावर ओतून घेणे टाळावे. घाम सुकू द्यावा, श्वास व नाडी पूर्ववत होऊ द्यावी. मग कोमट तिळतेलाने कंबर, मांड्या, गुडघे, पोटऱ्या आणि तळपाय यांना अभ्यंग. गाडीच्या आसाला वंगण द्यावे तसे, हा चरकाचार्यांचा दृष्टान्त या दिवशी रुग्णाला सहज पटतो. चोळताना जोर लावू नये, मार्दवाने जिरवावे. पाऊण तासाने ऊन पाण्याने स्नान, डोक्यावर मात्र ऊन पाणी नको. जेवणास मुगाची खिचडी व तूप. प्रमेही रुग्णाने स्नानापूर्वी दोन्ही तळपाय उजेडात नीट पाहावेत, बोटांच्या बेचक्यांसह. नवे बूट घालून डोंगरावर गेलेल्यांच्या पायांवर त्यांना स्वतःला न कळलेले फोड आम्ही अनेकदा पाहिले आहेत. फोड फोडू नये, कोरडा झाकून दुसऱ्या दिवशी वैद्यास दाखवावा.

बँकेतील ते गृहस्थ अजून आमच्याकडे येतात. मागील माघात ते सपत्नीक माथेरानला जाऊन आले, या वेळी छोट्या गाडीने. निघण्यापूर्वी त्यांच्या तज्ज्ञांशी आमचे बोलणे झाले होते. परत आल्यावर त्यांनी कागदावर लिहून आणलेला तपशील दाखवला : तलाव, तिथे दहा मिनिटे, लुईझा, तिथे वीस मिनिटे, दोन अंजिरे, एको पॉइंट सोडला. का सोडला, असे विचारता त्यांनी पत्नीकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "यांना बोलताना धाप लागत होती. मी म्हटले, हाक मारून दाखवा इथूनच, तिथे जाऊन मारायला दम उरणार नाही."